सॉल्व्हंटचा होज मीटरवर विकत घेऊ नका

प्रति,
गोव्यातील औद्योगिक वसाहतींमधले कारखानदार, प्लांट हेड आणि खरेदी विभागातील अधिकारी
प्रत माहितीसाठी: कारखाने व बाष्पक निरीक्षणालय, आल्तिनो, पणजी

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या टँक फार्ममधल्या, म्हणजे साठवण टाक्यांच्या आवारातल्या, प्रत्येक पंपाला टॅग नंबर आहे. फ्लेमप्रूफ मोटरला डेटाशीट आहे, लेव्हल ट्रान्समीटरला कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे, सेफ्टी व्हॉल्व्हची तारीख चुकली तर ऑडिटर कान पकडतो. त्याच पंपाच्या तोंडाला जोडलेल्या होजला, म्हणजे लवचिक नळीला, मात्र नंबर नाही. तो कधी आला, आतून कशाचा आहे, विजेचा भार वाहून नेणारी त्याच्या भिंतीतली तार दोन्ही टोकांना जोडलेली आहे का, हे स्टोअरला विचारलं तर उत्तर मिळतं, "दोन इंची, वीस मीटर." सुतळ आणि दोरखंड जसा मीटरवर येतो, तसा टोल्यूइनसारखा चटकन पेटणारा सॉल्व्हंट (विद्रावक द्रव) वाहून नेणारा होज आपल्या कारखान्यांत येतो. तो तसा घेणं थांबवा, एवढं सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी वेर्णा, कुंडई आणि पिळर्ण इथल्या कारखान्यांत मेंटेनन्समध्ये नोकरी केली. बहुतेक काळ औषधी कारखान्यांच्या सॉल्व्हंट यार्डात गेला. कोणा एका कंपनीवर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. जे एका ठिकाणी पाहिलं तेच थोड्याफार फरकाने दुसऱ्या ठिकाणी पाहिलं, म्हणून सगळ्यांनाच लिहितो आहे.

खरेदी विभागातल्या अनेकांचं शिक्षण वाणिज्य शाखेचं असतं. होजमध्ये नेमकं काय घडतं ते त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, आणि इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, "अँटिस्टॅटिक" (स्थिर विजेला, म्हणजे स्टॅटिकला, अटकाव करणारा) हा शब्द दिसला तरी तो कशासाठी आहे हे कळत नाही. म्हणून आधी तेवढं सांगतो. द्रव पाइपमधून वाहतो तेव्हा द्रव आणि पाइपची आतली भिंत यांच्यात विद्युत भार वेगळे होतात. एका जातीचा भार द्रवाबरोबर पुढे जातो, दुसरा भिंतीवर राहतो. भिंत वीजवाहक असेल आणि जमिनीला जोडलेली असेल, तर भिंतीवरचा भार तिथल्या तिथे जमिनीत जातो. भिंत साध्या पीव्हीसीची असेल तर तो तिथेच साचत राहतो. द्रवातल्या भाराचंही तसंच. मिथेनॉल, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), ॲसिटोन हे द्रव स्वतः बऱ्यापैकी वीजवाहक आहेत. त्यांच्यातला भार अर्थ केलेल्या, म्हणजे जमिनीला जोडलेल्या, टाकीत पोचताच डोळ्याचं पातं लवायच्या आत विरतो. टोल्यूइन, हेक्झेन, हेप्टेन, झायलीन यांचं तसं नाही. त्यांच्यातला भार विरायला कित्येक सेकंद लागतात, द्रव फार शुद्ध असेल तर मिनिटही लागतं. वाटेत मायक्रॉन फिल्टर असेल तर भार कैक पटींनी वाढतो, आणि औषधी कारखान्यात फिल्टर असतोच.

आता टोल्यूइनबद्दल थोडं जास्त. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून पेटण्याइतकी वाफ सुटते ते तापमान, ४ अंश सेल्सिअस. हवेत त्याची वाफ १.१ टक्क्यापासून ७.१ टक्क्यांपर्यंत असली तर ठिणगीने पेटते. गोव्यात दिवसाचं तापमान वर्षाचे बाराही महिने ३० अंशांच्या आसपास असतं, आणि ३० अंशांना बंद टाकीतल्या टोल्यूइनच्या वर जी मोकळी जागा असते तिथे वाफेचं प्रमाण साधारण ५ टक्के होतं. म्हणजे पेटायला लागणाऱ्या पट्ट्याच्या मधोमध. पेट्रोलची किंवा हेक्झेनची वाफ बंद टाकीत इतकी दाट होते की तिथे पेटायला पुरेशी हवाच उरत नाही. टोल्यूइनला हे संरक्षण नाही. आपल्या हवामानात टोल्यूइनचा अर्धा भरलेला ड्रम जवळपास नेहमीच पेटण्याच्या अवस्थेत असतो. तो पेटवायला लागणारी ऊर्जा किती? साधारण पाव मिलिज्यूल. माणसाच्या बोटाला जी ठिणगी "चटका" म्हणून जाणवते, तिच्यात १ मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. हाताला जाणवली ती ठिणगी टोल्यूइनसाठी केव्हाच पुरेशी झालेली असते.

याच्या पुढचा मुद्दा आपल्या गोव्याचा आहे, आणि त्यावर मला जरा थांबायचं आहे. "आपल्याकडे हवा दमट, इथे कसली आली स्टॅटिक?" हे वाक्य मी वर्कशॉपमध्ये ऐकलं आहे, सेफ्टीच्या बैठकीत ऐकलं आहे, आणि एकदा तर बाहेरून आलेल्या सल्लागाराच्या तोंडूनही ऐकलं आहे. वाक्यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. दमट हवेत कपड्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीवर, ड्रमच्या बाहेरच्या अंगावर ओलाव्याचा बारीक थर बसतो आणि त्यावरून भार निघून जातो, हे खरं. पण होजच्या आत हवा नसते, टोल्यूइन असतं. आषाढात बाहेर धो धो पाऊस कोसळत असला तरी होजच्या आतल्या अस्तराला त्याचा थेंबभरही ओलावा लागत नाही. भार आत तयार होतो आणि आतच साचतो.

उलट पावसाळ्यात एक गोष्ट बिघडते. टाकीच्या व्हेंटमधून दमट हवा आत जाते, पाणी होऊन तळाशी बसतं. झाकणाचं गॅस्केट खराब असेल तर पावसाचं पाणीही जातं. टोल्यूइनमध्ये पाणी विरघळत नाही. ते बारीक थेंबांच्या रूपात टोल्यूइनबरोबर वाहू लागलं की भार तयार होण्याचं प्रमाण खूप वाढतं. म्हणजे ज्या चार महिन्यांत आपण सगळ्यात निश्चिंत असतो, त्याच महिन्यांत तळाचं पाणी काढायला विसरलेल्या टाकीतून द्रव ओढणं सगळ्यात जोखमीचं असतं. आणि औषधी कारखान्याच्या आतल्या खोल्यांत तर एसी आणि डीह्युमिडिफायर लावून हवा मुद्दाम कोरडी ठेवलेली असते. बाहेरच्या पावसाचा तिथे काय उपयोग? डिसेंबर-जानेवारीत पूर्वेचा कोरडा वारा सुटतो तेव्हा सकाळच्या पाळीला ओठ फुटतात, तेव्हा तर बाहेरच्या यार्डातही दमटपणाचा आधार राहत नाही.

एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. मोठ्या टाकीतून टोल्यूइन ड्रममध्ये भरायचं काम होतं. होजच्या टोकाला स्टेनलेस स्टीलची लान्स, म्हणजे ड्रमच्या तळापर्यंत जाणारी नळी. ड्रमला अर्थिंगचा क्लॅम्प लावलेला. पंप अर्थ केलेला. कागदावर सगळं बरोबर. लान्स धरणारा मुलगा बांद्याहून येणारा कंत्राटी हेल्पर होता. त्याने सुपरवायझरला सांगितलं, "साहेब, ह्यो पाइप चावता." सुपरवायझरने त्याला जाड रबरी हातमोजे आणून दिले. हातमोज्यांनी चावणं थांबलं, म्हणजे मुलाला कळणं थांबलं. लान्सवरचा भार आता त्याच्या अंगातून थोडाफारही जमिनीत जात नव्हता. तो लान्सवर साचत होता, आणि लान्सपासून बोटभर अंतरावर ड्रमचं अर्थ केलेलं तोंड होतं, त्या तोंडातून वाफ बाहेर येत होती.

माझ्याकडे तो होज दुसऱ्याच कारणाने आला, गळतीसाठी. टोकाची क्लिप सोडली तेव्हा दिसलं. होजच्या भिंतीत वेटोळी घेत गेलेली तांब्याची तार कपलिंगच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या जोडणीच्या, आधी दोन बोटं कापलेली होती. कापलेलं टोक कोणाच्या हाताला लागू नये म्हणून काळजीने दुमडून त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. टेपखाली तांबं हिरवं पडलं होतं. ज्याने ते केलं त्याने चांगल्या मनाने केलं होतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की ती तार मजबुतीसाठी नाही, ती कपलिंगला जोडण्यासाठी आहे. लान्ससारख्या सुट्या धातूच्या नळीची धारकता (भार साठवण्याची क्षमता) ३० पिकोफॅराड धरली आणि तिच्यावर १० हजार व्होल्ट चढले, जे अशा कामात सहज चढतात, तर ठिणगीत दीड मिलिज्यूल ऊर्जा येते. टोल्यूइनला लागते त्याच्या सहा पट. आग लागली नाही. उद्याही लागणार नाही, असं त्यावरून म्हणता येत नाही.

तार नसलेल्या होजपेक्षा तुटक्या तारेचा होज वाईट, हे यातून लक्षात घ्या. जमिनीपासून तुटलेला धातूचा तुकडा भार गोळा करतो आणि तो सगळा एकाच ठिणगीत सोडतो. साध्या प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावरचा भार तसा एकदम सुटत नाही. पण म्हणून साधा ब्रेडेड पीव्हीसी पाइप वापरा असं मी म्हणत नाही; त्याच्या टोकालाही धातूची लान्स किंवा कॅमलॉक (झटपट जोडायचं कपलिंग) असतोच, आणि तो तर कशालाच जोडलेला नसतो.

आता खरेदीबद्दल. बाजारात "अँटिस्टॅटिक" छापलेला कुठलाही होज मिळतो. त्या छपाईला आकड्याचा आधार नसेल तर तिला काही किंमत नाही. रसायनांसाठीच्या होजचं ईएन १२११५ हे युरोपीय मानक आहे, आणि त्यात विजेच्या बाबतीत होजचे प्रकार स्पष्ट केलेले आहेत. एम प्रकारात दोन्ही टोकांची कपलिंग धातूच्या तारेने जोडलेली असतात आणि टोकापासून टोकापर्यंतचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १०० ओहमच्या आत असतो. ओमेगा प्रकारात तारेवर भिस्त नसते, रबराचा किंवा प्लॅस्टिकचा थरच वाहक असतो, आणि रोध १० लाख ओहमच्या आत. ओमेगा-टी प्रकारात त्याशिवाय आतल्या अस्तरापासून बाहेरच्या आवरणापर्यंत, भिंतीच्या आरपारही भार जाऊ शकतो. तिथली मर्यादा १०० कोटी ओहम. टोल्यूइन आणि हेक्झेनसाठी मी तरी ओमेगा-टी मागेन. इंडेंटवर ही खूण लिहा आणि कोटेशनमध्ये हीच खूण आहे का ते पाहा. रोध मोजण्याची पद्धत आयएसओ ८०३१ मध्ये दिलेली आहे. त्यानुसार मोजलेला आकडा, त्या होजच्या अनुक्रमांकासह, प्रमाणपत्रावर मागा. स्टॅटिकच्या एकूण नियंत्रणासाठी आपलं भारतीय मानक आयएस ७६८९ आहे, तेल उद्योगासाठी ओआयएसडी ११० आहे. ही कागदपत्रं सेफ्टीच्या कपाटात असतात. ती एकदा खरेदीच्या टेबलावर येऊ द्या.

औषधी कारखान्यांत एक जास्तीची अडचण येते, तिच्यावरून क्वालिटी आणि सेफ्टी यांचं वाजतं. क्वालिटीवाल्यांना आतून पांढरं शुभ्र टेफ्लॉन हवं असतं. पांढरं टेफ्लॉन हे अतिशय उत्तम विद्युतरोधक आहे. होजच्या बाहेरून स्टीलची जाळी आहे, दोन्ही कपलिंग जोडलेली आहेत, मीटर बीप देतो, तरीही आतल्या पांढऱ्या अस्तरावर भार साचतो. तो वाढत गेला की अस्तर फोडून बाहेरच्या जाळीकडे उडी मारतो. अस्तराला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. "नवा होज सहा महिन्यांत घाम का फोडतो?" म्हणून पुरवठादाराशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत. काही वेळा त्या भोकांचं कारण हेच असतं. यावर उपाय आहे, कार्बन मिसळलेलं काळं टेफ्लॉन. काळा रंग पाहून क्वालिटीचा माणूस नाक मुरडतो, पण औषध आणि अन्न उद्योगासाठीची प्रमाणपत्रं असलेले काळ्या अस्तराचे होज मिळतात. कारखान्याच्या प्रमुखाने दोघांना एका खोलीत बसवून हा प्रश्न एकदाच सोडवावा. तो हेल्परच्या डोक्यावर सोडू नये.

आणि होज घ्या तो तयार घ्या. दोन्ही टोकांना कपलिंग बसवून, कारखान्यात दाबाची आणि विजेची चाचणी होऊन आलेला, अंगावर नंबर असलेला. वीस मीटर पाइप आणि वेगळी कपलिंग असं मागवलं की ते जोडायचं काम वर्कशॉपमध्ये येतं. तिथे स्क्रूची क्लिप असते, नसली तर बाइंडिंग वायर असते, आणि तार कपलिंगला लावायची आहे हे माहीत असलेला माणूस त्या पाळीला असेलच असं नाही. टोक फाटलं की फूटभर कापायचं आणि पुन्हा चढवायचं, ही आपल्याकडची सवय शेतातल्या पंपाच्या पाइपला चालते. सॉल्व्हंटच्या होजचं टोक फाटलं की तो होज बाद. कापून दोन तुकडे करून कचऱ्यात टाका, म्हणजे रात्रपाळीला कोणी तो भंगारातून उचलून पुन्हा लावणार नाही. पैसे जास्त जातात, मान्य आहे. मीटरवर घेतलेल्या पाइपच्या कैक पट जातात. तुमच्यावर एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचं कोटेशन, घेण्याचं दडपण असतं हेही मला माहीत आहे. म्हणूनच इंडेंटची भाषा अशी असू द्या की स्वस्त पण अयोग्य माल तुलनेतच येणार नाही.

तपासणीबद्दल इलेक्ट्रिकल विभागाला दोन गोष्टी सांगतो. मल्टिमीटरचा बीप अगदी कमी ओहमवरच वाजतो. एम प्रकारच्या होजला तो चालतो, पण होज जमिनीवर सरळ पसरून मोजू नका. एकाने दोन्ही कपलिंगवर प्रोब धरावेत आणि दुसऱ्याने कपलिंगच्या जवळचा हातभर भाग चारी दिशांना वाकवावा. तार जिथे तुटते ती याच भागात तुटते, कारण होज ओढताना सगळा ताण तिथे येतो. सरळ असताना तुटकी टोकं एकमेकांना टेकून बीप देतात, आणि वाकवलं की आवाज तुटतो. ओमेगा प्रकारचा होज चांगला असूनही बीप देणार नाही. तिथे मेगओहम मोजणारा मीटर लागतो. मोजणी टँकर बेमध्ये, म्हणजे टँकर रिकामा करायच्या जागी, करायची नाही. होज काढून, रिकामा करून, नायट्रोजनने वाळवून, सुरक्षित जागी न्यायचा आणि तिथे मोजायचा. आत मिथेनॉल किंवा पाणी राहिलं असेल तर मीटर खोटा चांगला आकडा दाखवतो, आणि वाफ राहिली असेल तर मेगरच्या, म्हणजे त्या मेगओहम मीटरच्या, ५०० व्होल्टनेच घात होऊ शकतो.

ज्यांच्याकडे टँकरसाठी ग्राउंडिंग रिले (अर्थिंग जोडलं आहे का ते पाहणारं उपकरण) बसवला आहे, ज्यांचा हिरवा दिवा लागल्याशिवाय पंप सुरू होत नाही, त्यांनी चांगलं काम केलं आहे. पण तो हिरवा दिवा टँकरच्या चासीबद्दल सांगतो. होजबद्दल त्याला काहीच ठाऊक नसतं. दिवा हिरवा आहे म्हणून होजची तार शाबूत आहे असं कोणी धरून चालू नये.

अर्थिंगचं थोडक्यात. वेर्णाचं पठार जांभ्या दगडाचं. पावसात अर्थ पिटच्या, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याच्या, रोधाचा आकडा सुंदर येतो आणि एप्रिल-मेमध्ये तोच पिट कोरडा ठणठणीत होतो. वार्षिक मोजणी पावसाळ्यानंतर करून वर्षभराचं समाधान मिळवू नका. मे महिन्यात मोजा. स्टॅटिकचा भार जमिनीत जायला १० लाख ओहमचा मार्गही पुरतो, तरी धातूच्या जोडणीत १० ओहमच्या आतला आकडा मागायची पद्धत आहे, कारण त्याहून जास्त आला तर कुठेतरी गंज, रंग किंवा ढिला नट आहे हे कळतं. खाऱ्या वाऱ्यात क्लॅम्पचे दात गंजतात. रंगाच्या थरावर लावलेला क्लॅम्प लावलेला नसल्यासारखाच. टेफ्लॉन गॅस्केट बसलेल्या दोन फ्लँजमध्ये (पाइप जोडायच्या कडांमध्ये) तांब्याचा जंपर, म्हणजे जोडतार, आहे का तेही बघा.

भरण्याच्या वेगावर उत्पादन विभागाचं माझ्याशी कधी पटलं नाही, तरी लिहितो. लान्सचं तोंड द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवायचा असतो. एक इंची होजमध्ये याचा अर्थ मिनिटाला सुमारे ३० लिटर. पंप पूर्ण उघडून वरून धार सोडली की शिंतोडे, फवारा आणि भार तिन्ही एकदम वाढतात. सुरुवातीची मिनिटभराची सबुरी एवढीच मागणी आहे. भरून झाल्यावर डिप रॉड किंवा सॅम्पलची बाटली लगेच आत सोडू नये, काही मिनिटं थांबावं.

औषधी कारखान्याबाहेरच्या मंडळींसाठीही एक-दोन गोष्टी. मद्याच्या बॉटलिंग प्लांटमध्ये ईएनए, म्हणजे शुद्ध मद्यार्क, येतं. अल्कोहोल वीजवाहक असल्याने सगळं अर्थ केलेलं असेल तर भार टिकत नाही, पण पारदर्शक फूड ग्रेड होजच्या टोकाला लटकणारं सुटं कपलिंग तिथेही सुटंच असतं. खाणींवर आणि ट्रॉलरच्या जेटींवर डिझेल भरणाऱ्यांना वाटतं की डिझेल पेटतं कुठे? १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-सहा डिझेल आहे, त्यात गंधक १० पीपीएमच्या आत. गंधक काढताना डिझेलची वीजवाहकताही घटते, म्हणजे भार जास्त वेळ टिकतो. ज्या टँकरच्या कप्प्यात आधी पेट्रोल किंवा सॉल्व्हंट होतं त्यात धुतल्याशिवाय डिझेल भरलं, तर आतल्या जुन्या वाफेला ठिणगी द्यायचं काम डिझेल करतं. मुरगाव बंदरात जहाज आणि किनारा यांमधल्या जोडणीचं शास्त्र मात्र निराळं आहे. तिथे मोठे प्रवाह अडवण्यासाठी होजच्या ओळीत मुद्दाम विद्युतरोधक फ्लँज बसवतात. या पत्रातलं वाचून तिथे कोणी जंपर लावायला जाऊ नये.

आता ज्यांच्या हातात होज असतो त्यांच्याविषयी. आपल्या यार्डात काम करणारी पोरं दोडामार्ग, सावंतवाडी, बेळगाव, ओडिशा, झारखंड इथून आलेली असतात. बहुतेक कंत्राटावर. भिंतीवरचा एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धतीचा कागद) इंग्रजीत लॅमिनेट केलेला असतो. अँटिस्टॅटिक बूट दिलेले असतात, आणि त्याच बुटांवर स्वच्छतेसाठी प्लॅस्टिकचे शू कव्हर चढवायला सांगितलेलं असतं. त्या कव्हरने बुटाचा सगळा उपयोग जातो. टँकरचा ड्रायव्हर गुजरातहून दोन दिवस गाडी चालवून पत्रादेवीमार्गे आलेला, त्याला रिकामं करून परतायचं असतं. त्याच्याच गाडीत बांधलेला, ऊन खाऊन तडकलेला होज वापरून माल उतरवला तर अर्धा तास वाचतो. तो होज आपल्या कारखान्यात कधीच लावू नये. आपला, नंबर असलेला होज लावावा, आणि त्यासाठी गेटवरच्या माणसापासून सगळ्यांना अधिकार असावा.

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ४१-एच आलं. जिवाला तातडीचा धोका आहे असं वाटलं तर कामगाराने तो व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्याही नजरेस आणावा, आणि व्यवस्थापनाने लगेच उपाय करावा, असा हक्क त्या कलमाने दिला. "पाइप चावता" असं सांगणारा मुलगा तोच हक्क बजावत होता. त्याला हातमोजे द्यायचे नव्हते, पंप बंद करायचा होता. निरीक्षणालयाला माझी विनंती आहे की कारखान्यात याल तेव्हा होजचं रजिस्टर मागा, आणि मग यार्डात जाऊन त्यातला एखादा नंबर प्रत्यक्ष दाखवायला सांगा. एसओपी यार्डातल्या माणसाला समजेल त्या भाषेत आहे का, हेही विचारा. २०२३ च्या जानेवारीत पिळर्णच्या वसाहतीत रंगाच्या कारखान्याला आग लागली तेव्हा आजूबाजूच्या वाड्यांनी काय अनुभवलं ते बार्देशात सगळ्यांना माहीत आहे. त्या आगीच्या कारणाशी या पत्राचा संबंध जोडू नये. आपल्या वसाहती आणि आपली घरं यांत किती थोडं अंतर आहे, ते मात्र त्या दिवशी दिसलं.

कारखानदारांनो, तुम्हाला मागणं एवढंच. चवथीला कारखाने बंद ठेवण्याआधी टाक्या आणि लाइन रिकाम्या होतातच. त्याच वेळी सॉल्व्हंटचा प्रत्येक होज काढून एका जागी आणा. ज्याच्यावर मानकाची खूण नाही, ज्याची कपलिंग क्लिपने बसवलेली आहेत, ज्याला कोणी मधे कापलं आहे, तो बाजूला काढा. उरलेल्यांना स्टीलचा टॅग ठोका आणि रोध मोजून टॅगच्या नंबरासमोर तारीख आणि आकडा लिहा. जे बाजूला निघतील त्यांच्या जागी नवे होज येईपर्यंत ती भरण्याची जागा बंद ठेवा. तयार होज बनवून यायला काही आठवडे लागू शकतात, त्यामुळे ऑर्डर आजच द्यावी लागेल. इंडेंट कसं लिहायचं यात कोणाला मदत हवी असेल तर मी येऊन बसायला तयार आहे, त्याचे पैसे नकोत.

आपला नम्र,
सॉल्व्हंट यार्डातला एक निवृत्त मेंटेनन्स सुपरवायझर
फोंडा, गोवा